हाड नाही, तरी जीवाश्म

प्रश्न : स्कॉटलंडमधील एल्गिनच्या वालुकाश्मात आद्य डायनासोरांच्या काळातील सरीसृपांचे जीवाश्म मिळतात, पण त्यांत बहुधा हाडच उरलेले नसते, असे वाचले. मग त्याला जीवाश्म का म्हणायचे आणि प्राणी ओळखायचा कसा?
– एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. एल्गिनजवळचा लॉसीमाउथ वालुकाश्म सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वी, ट्रायासिक काळाच्या उत्तरार्धात, वाळवंटातील वाळूच्या टेकड्यांपासून बनला. त्या वाळूत गाडले गेलेले सांगाडे पुढे दगडात झिरपणाऱ्या पाण्याने विरघळले. परंतु तोवर भोवतालची वाळू घट्ट बांधली गेल्यामुळे हाडाच्या जागी नेमकी हाडाच्याच आकाराची पोकळी राहिली. खाणीत ठोकळा दुभंगला, की कण्याच्या जागी दोन्ही तुकड्यांवर मणक्यांएवढ्या खड्ड्यांची रांग दिसते. शाडूच्या गणपतीचा साचा पाहून मूर्ती कळते, तसेच हे आहे. जिवाचा असा ठसाही जीवाश्मच.

अभ्यासक या पोकळ्यांत रबरासारखा लवचीक पदार्थ ओततात, कारण कडक ओतीव अरुंद भेगेतून अखंड बाहेर येत नाही. अलीकडे सीटी स्कॅनमुळे दगड न फोडताच काम होते. वीतभर लांबीच्या स्क्लेरोमोक्लसचा असा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो उडणाऱ्या टेरोसॉरांच्या गोतावळ्यातला ठरला. याआधी चुकाही झाल्या : स्टॅगोनोलेपिसच्या खवल्यांचे ठसे १८४४ मध्ये लुई आगासी यांनी माशाचे मानले होते; तो सरीसृप असल्याचे पुढे टॉमस हक्स्ली यांनी दाखवले. सॉल्टोपसही बराच काळ डायनासोर म्हणून ओळखला जाई. आता त्याला डायनासोरांचा निकटचा नातलग समजतात.

आपण चंद्रपूरचे, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. एल्गिनमधील चोचीसारख्या तोंडाचा, वनस्पती खाणारा हायपरोडॅपेडॉन आपल्या शेजारीही सापडतो. गडचिरोलीच्या सीमेवरून वाहणाऱ्या प्राणहितेपलीकडे, तेलंगणातील मलेरी शैलसमूहाच्या तांबड्या मातीखडकात त्याची खरीखुरी हाडे टिकली आहेत. त्याच खडकांतून मिळालेल्या, आद्य डायनासोराच्या मानल्या गेलेल्या अवशेषांना ‘अलवॉकेरिया मलेरिएन्सिस’ असे नाव आहे, आणि त्यातले ‘अलवॉकेरिया’ आले आहे ते एल्गिनच्या पोकळ्यांतून ओतीव काढून तेथील सरीसृपांचा अभ्यास करणारे ॲलिक वॉकर यांच्या नावावरून.