फ्लॅट घेऊ की 16 लाख?

जळगावच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय 38, खासगी शाळेत शिक्षिका, पगार 32 हजार. पती भुसावळला रेल्वेत. दीड वर्षापासून दोघं वेगळे राहतात, 9 वर्षांची मुलगी ताईंजवळ. राजीखुशीने फारकत ठरली असून दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी तोडगा काढलाय: कर्जासकट फ्लॅट घे, नाहीतर 16 लाख घे आणि मोकळी हो. या 16 लाखांत ताईंचं माहेरचं 10 तोळे सोनंही धरलंय, ते सासूबाईंच्या लॉकरमध्ये आहे. फ्लॅट दोघांच्या नावावर, आजची किंमत 38 लाख, कर्ज 16 लाख बाकी, हप्ता 17,800. मुलीसाठी पुढे काही मागायचं नाही, अशीही अट आहे.

ताई, आधी सोनं हिशेबातून बाहेर काढा. ते स्त्रीधन आहे, ते फक्त तुमचं. तोळ्याचा भाव लाखापलीकडे गेलाय, म्हणजे 16 पैकी दहा लाखांहून जास्त तर तुमचेच तुम्हाला परत मिळतायत. उरले फार तर सहा. आता फ्लॅट बघा. कर्ज वजा जाता 22 लाख उरतात; निम्मा वाटा धरला तरी 11 लाख तुमचे. ते सोडून सहा घ्यायचे, म्हणजे पोटगी मिळण्याऐवजी पाच लाख तुम्हीच देताय. हे वाचून मला फार वाईट वाटलं. बैठकीत कुणीच हा हिशेब कागदावर मांडला नाही का?

तेव्हा फ्लॅटच घ्या, पण आहे तसा नाही. 32 हजारांतून 17,800 गेल्यावर मुलीला घेऊन महिना निघणार नाही. जे सहा लाख ते रोख द्यायला तयार होते, तेच त्यांनी कर्जात भरावेत. मग कर्ज 10 लाखांवर येईल आणि हप्ता 11 हजारांच्या आसपास. तेवढं कर्ज एकट्या तुमच्या पगारावर मिळतं का, हे बँकेत सही करण्याआधी विचारा. कोर्टाने हप्ते कुणी भरायचे ते लिहिलं तरी बँक बांधील नसते. दोघांची नावं राहिली तर ती दोघांनाही धरते. बँक नाहीच म्हणाली तर फ्लॅट विका, कर्ज फेडा आणि निम्म्या वाट्यावर पोटगी वेगळी मागा.

त्यांचा हिस्सा निकालाआधी, तुम्ही कायद्याने पत्नी असतानाच बक्षीसपत्राने नावावर करून घ्या. राहतं घर पत्नीला बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. स्थानिक एक टक्का आणि नोंदणीचा खर्च वेगळा. बँकेची ना हरकत मात्र आधी लागेल.

मुलीची अट खोडायला लावा. तिचा हक्क तिचा आहे, आईला तो सोडून देता येत नाही. दरमहा किती, शाळेची फी कुणी भरायची, हे आकड्यात लिहून घ्या.

स्टॅम्प पेपरवर पंचांच्या सह्या घेऊन विषय मिटवू, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. बँक आणि रेल्वेचं ऑफिस कोर्टाचा हुकूमनामा मागतं. परस्पर संमतीच्या अर्जानंतर साधारण सहा महिने थांबावं लागतं. 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर योग्य प्रकरणात कोर्ट ही मुदत माफही करू शकतं. लॉकरमधल्या सोन्याची यादी वजनासकट अर्जालाच जोडा: पोत, पाटल्या, बांगड्या, सगळं. पावत्या नसतील तर तुमच्या सराफाकडे जुनी बिलं मिळतात का पाहा, लग्नाचे फोटोही काढून ठेवा. सोनं हातात, बक्षीसपत्र नोंदलेलं आणि सहा लाख कर्जखात्यात जमा झाल्याशिवाय सेकंड मोशनला, म्हणजे ही मुदत संपल्यावर कोर्टात द्यायच्या दुसऱ्या, अखेरच्या संमतीला सही करू नका. तोवर संमती मागे घेता येते, नंतर हातात काही उरत नाही.

रेल्वेच्या दवाखान्याची सोय हुकूमनाम्यानंतर तुम्हाला राहणार नाही, मुलीची राहील. स्वतःचा आरोग्य विमा आत्ताच काढा. पॉलिसीतला जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजारांचा खर्च मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, तेवढा लवकर सुरू होईल.