टीपॉयवर कायम मांडून ठेवायला लाकडी खेळ कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न असा आहे की विश्रामबागेतल्या नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये टीपॉयवर कायम मांडलेला राहील, देखणा दिसेल आणि आल्यागेल्याला खेळताही येईल असा लाकडी खेळ कोणता. बुद्धिबळाचा पट तुमच्या मनात आहे, पण पक्कं होत नाहीये. मीही सांगलीचीच, गावभागातली. माझं मत सांगते: अळगुळी मणे घ्या.

जतकडच्या कानडी घरांत हे नाव सांगावं लागत नाही. लांबट फळी, तिच्यात ७-७ खळग्यांच्या दोन ओळी आणि खेळायला चिंचोके. आमचा पाट आजीच्या माहेराहून, उमदीहून आलेला. सागवानी, हातभर लांब, एकसंध. पिढ्यान्‌पिढ्या बोटं फिरून खळगे आतून इतके गुळगुळीत झालेत, की तिथलं लाकूड काठापेक्षा गडद, गुळाच्या रंगाचं दिसतं. संध्याकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं की एकेका खळग्यात अर्धी सावली पडते. पितळी वाटीत चिंचोके शेजारी ठेवले, की टीपॉयवर फुलदाणीसुद्धा लागत नाही.

आणि खेळायला अगदी सोपं. आमच्याकडे प्रत्येक खळग्यात ५ असे ७० चिंचोके घालतात. आपल्या बाजूचा एक खळगा उचलायचा, पुढे एकेक टाकत जायचं, हातातले संपले की पुढचा खळगा उचलायचा. पुढचा रिकामा निघाला तर त्याच्या पलीकडचे सगळे आपले आणि डाव समोरच्याचा. दोन मिनिटांत पाहुण्याला समजतं. मध्येच चहा आला तरी बिघडत नाही. चिंचोका सोफ्याखाली गेला तर स्वयंपाकघरातून दुसरा आणायचा. बुद्धिबळातला एक घोडा हरवला, की अख्खा संच बाद.

तरी सांगलीत राहून बुद्धिबळाला नाही म्हणणं मलाही जड जातं. भाऊसाहेब पडसलगीकरांनी या गावाला तो खेळ शिकवला, बुद्धिबळपटू स्वाती घाटे इथलीच. घ्यायचाच असेल तर मापाकडे बघा. स्पर्धेचा राजा साडेनऊ सेंटिमीटर उंच आणि घरं ५ ते ६ सेंटिमीटरची असतात, म्हणजे पट जवळपास अर्धा मीटर होतो आणि टीपॉयवर कपाला जागा उरत नाही. साडेसात सेंटिमीटरचा राजा आणि ४ सेंटिमीटरची घरं घेतलीत तर काठासकट ३५-३६ सेंटिमीटरमध्ये बसतं. काळ्या मोहऱ्यांवर ओलं पांढरं फडकं घासून बघा, रंग उतरला तर घेऊ नका. मोहरा उचलल्यावर हाताला वजन लागलं पाहिजे.

लाकडाबद्दल जरा जास्तच आग्रहाने सांगतेय, त्याला कारण आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमचा खालचा मजला बुडाला. घाईघाईत वर नेलं ते धान्य आणि कागदपत्रं, हॉल तसाच राहिला. पाणी ओसरल्यावर ऑनलाइन मागवलेला बुद्धिबळाचा पट भिजलेल्या बिस्किटासारखा फुगलेला होता, वरची घरं पापुद्र्यासारखी सुटत होती. आत नुसता दाबलेला भुसा. आजीच्या पाटाचे खळगे चिखलाने गच्च भरले होते. आईने ते जुन्या टूथब्रशने एकेक करून साफ केले, पाट सुती धोतरात गुंडाळून सावलीत ठेवला. दोन आठवड्यांनी सुकला तेव्हा एका टोकाला केसाएवढी चीर होती, बाकी जसाच्या तसा. ती चीर आजही आहे.

म्हणून घेताना पट उलटा करा. वरची लाकडाची रेषा काठावरून वळून खालीही उतरलेली दिसली तर लाकूड खरं. कडेला रेषा तुटत असेल किंवा स्क्रूच्या भोकात पिठासारखा भुसा दिसला, तर ते वरवरचं काम आहे.

बाकीचे खेळ थोडक्यात. ३३ भोकांचा ब्रेनव्हिटा काचेच्या गोट्यांमुळे सुंदर दिसतो, पण एकट्याचा खेळ. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, १२० गोल पानं आणि रंगवलेली लाकडी पेटी, बघत राहावी अशी. खेळणारा मात्र क्वचित भेटतो. सारीपाटाच्या लाखेच्या सोंगट्या मला फार आवडतात, पण पट कापडी असतो, टीपॉयवर चुरगळतो. नवकंकरी मात्र नक्की विचारात घ्या. वाईला घाटाच्या दगडांवर कोरलेले जुने पट दिसतात, तसाच हा, एकात एक तीन चौकोन, २४ ठिकाणं, दोघांना ९-९ सोंगट्या. चौरस टीपॉय असेल तर ती अळगुळीपेक्षा शोभून दिसेल.

तयार पाट मनासारखा मिळाला नाही तर ओळखीच्या सुताराकडून जुन्या सागवानी चौकटीच्या तुकड्यातून करून घ्या. खळगा इतका खोल हवा की तीन बोटं आत जाऊन चिंचोके सहज उचलता येतील. पॉलिशसाठी मिरजेला तंतुवाद्यांच्या कारागिरांकडे चौकशी करा, तंबोऱ्यावरचा लाखेचा हात त्यांना चांगला जमतो. पण तो फक्त काठाला. खळग्यांना जवसाचं तेल फडक्याने पातळ लावा, शेंगतेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. आणि चिंचोके शक्यतो चिंचेच्या एकाच झाडाचे घ्या, आकार सारखा मिळतो.