सल्फर डायऑक्साइडच्या इलेक्ट्रॉन-ठिपका संरचनेत सल्फरवर जास्तीची जोडी का असते?

कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड या दोन्ही रेणूंत मधल्या अणूला दोन ऑक्सिजन जोडलेले असताना ठिपक्यांची जोडी (म्हणजे बंधात न गुंतलेले दोन इलेक्ट्रॉन) सल्फरवरच का उरते, असे आपण विचारले आहे. नाशिकमध्ये अकरावीला रसायनशास्त्र शिकवताना ही शंका मला नेहमी भेटते. बहुतेक विद्यार्थी आधी बंध काढतात आणि इलेक्ट्रॉन नंतर मोजतात, तिथेच घोळ होतो.

आधी बेरीज करावी. कार्बनचे 4 आणि दोन ऑक्सिजनचे 12 मिळून 16 संयुजा इलेक्ट्रॉन, म्हणजे सर्वांत बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन, होतात. सल्फर ऑक्सिजनच्याच गटातला असल्याने त्याचे 6 आणि ऑक्सिजनचे 12 धरून 18 होतात. बेरीज झाली की कोणता इलेक्ट्रॉन मुळात कोणाचा होता, हे विसरून जावे.

आता दोन एकेरी बंधांचे प्रत्येकी 2 प्रमाणे 4 वजा करून उरलेल्यांतून प्रथम दोन्ही ऑक्सिजनची अष्टके (अणूभोवती 8 इलेक्ट्रॉन) पूर्ण करावीत, म्हणजे 12 खर्ची पडतात. कार्बनसाठी काहीच शिल्लक राहत नाही आणि त्याच्याभोवती 4 च इलेक्ट्रॉन दिसतात, म्हणून प्रत्येक ऑक्सिजनची एकेक जोडी बंधात ओढून दोन दुहेरी बंध करावे लागतात. एका बाजूला तिहेरी आणि दुसऱ्या बाजूला एकेरी बंध काढूनही अष्टके पूर्ण होतात, परंतु तसे केल्यास एका ऑक्सिजनवर +1 आणि दुसऱ्यावर −1 फॉर्मल चार्ज (बंधातले इलेक्ट्रॉन निम्मे-निम्मे वाटून मोजलेला प्रभार) येतो, म्हणून ती रचना मागे पडते.

सल्फरच्या बाबतीत मात्र 2 इलेक्ट्रॉन शिल्लक राहतात, ते सल्फरवर ठेवावेत. हीच आपली जोडी. तरीही त्याच्याभोवती 6 च होतात, म्हणून एक दुहेरी बंध करावा. तो डावीकडे काढला काय किंवा उजवीकडे, दोन्ही चित्रे तितकीच ग्राह्य असतात, आणि प्रत्यक्ष रेणूत दोन्ही बंधांची लांबी सारखीच, सुमारे 143 पिकोमीटर, असते. काही पुस्तकांत सल्फरभोवती 10 इलेक्ट्रॉन धरून दोन्ही बंध दुहेरी दाखवतात. परीक्षेत आपल्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे लिहावे, जोडी दोन्हींत तीच राहते.

या जोडीमुळेच हा रेणू सुमारे 119 अंशांत वाकतो, तर कार्बन डायऑक्साइड सरळ राहतो. (निफाड-दिंडोरीकडे निर्यातीच्या द्राक्षपेटीत बुरशी रोखण्यासाठी जो पॅड ठेवतात, त्यातून सुटणारा वायू म्हणजे हाच सल्फर डायऑक्साइड.)

आयन (प्रभारित कण) असेल तर बेरजेतच प्रभार धरावा: अमोनियमसाठी (NH₄⁺) एक वजा करून 8, नायट्रेटसाठी (NO₃⁻) एक मिळवून 24.