जुन्या हार्ड डिस्कचं काय करावं बाप्पा?

प्रश्न: दादा, माझा डेस्कटॉप २०१३ चा आहे, ५०० जीबीची हार्ड डिस्क. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला अन् या मशीनवर ११ काही चढत नाही, म्हणून नवीन सीपीयू घेऊन राहिलो. नागपूरच्या बर्डीवरचा दुकानदार म्हणते जुनी डिस्क मला देऊन टाका, तीनशे रुपये कमी करतो. मिसेस म्हणते पोराचे बारशापासूनचे फोटो त्यात आहेत, देऊ नका. ती डिस्क नव्या मशीनमध्ये लागेल का, अन् त्यातलं विंडोज तसंच सुरू होईल का? (एक वाचक, मानेवाडा)

मिसेसचं ऐका भाऊ. तीनशे रुपयांसाठी बारशाचे फोटो दुकानदाराच्या काउंटरवर ठेवून यायचे, हा सौदा मला तरी पटत नाही.

लागेल का, तर लागते. २०१३ ची डिस्क म्हणजे साटा (डिस्क जोडायची पद्धत) असणार, बारीक लाल किंवा काळी केबल, आणि हे साटा २००३ पासून आहे, जागा अजून तीच, केबल तीच, नव्या मदरबोर्डवरही साधारण चार पोर्ट देतात. फक्त नव्या कॅबिनेटमध्ये डिस्क ठेवायचा खण समोर दिसत नाही, बहुतेक खाली पॉवर सप्लायच्या बाजूला झाकलेला असतो, तर दुकानातच पाहून घ्या की खण आहे. अजून एक, नवी एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क, मदरबोर्डवर आडवी बसते, च्युइंगगमच्या पट्टीसारखी, आणि काही बोर्डांवर तिच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये काही लावलं की एखाद-दुसरं साटा पोर्ट आपोआप बंद पडतं. मग डिस्क दिसत नाही आणि लोक म्हणतात डिस्क गेली. गेली नसते, केबल शेजारच्या पोर्टमध्ये लावून पाहा.

आतलं विंडोज तसंच सुरू होईल या आशेवर मात्र राहू नका. जुन्या मशीनवरचं विंडोज बरेचदा जुन्या बायोस पद्धतीनं (मशीन सुरू करायची जुनी रीत) टाकलेलं असतं आणि नवे बोर्ड यूईएफआय, म्हणजे नवी रीत, मागतात, म्हणजे डिस्क ठीक असूनही बूट होणार नाही, विंडोज सुरूच होणार नाही. समजा झालं, तरी जुन्या बोर्डाचे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्राम) पोटात घेऊन ते लंगडत चालणार, वर कंपनीकडून मशीनसोबत आलेलं लायसन्स नव्या बोर्डावर चालत नाही. नवीन एसएसडीवर विंडोज ११ कोरं टाका, जुनी डिस्क नुसती गोदाम.

आणि हे टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, हे मी ओरडून सांगून राहिलो कारण मी स्वतः भोगलंय. काही वर्षांपूर्वी मी माझ्याच मशीनला एसएसडी लावली, जुनी डिस्क पण जोडलेलीच ठेवली की नंतर परत पाठीमागचे स्क्रू कोण खोलणार, विंडोज एसएसडीवर टाकलं, फर्राटे चाललं. सहा महिन्यांनी जुन्या डिस्कवरचा डेटा दुसरीकडे हलवला, तिचे सगळे पार्टिशन, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, उडवले आणि मशीन बंद करून जेवायला गेलो. परत येऊन बटण दाबलं तर काळी स्क्रीन, बूट डिव्हाइस सापडत नाही. झालं असं होतं की विंडोज बसलं एसएसडीवर, पण सुरू करायची छोटी बूट फाइल त्यानं जुन्या डिस्कवर आधीपासून असलेल्या बूट पार्टिशनमध्ये टाकली होती, आणि तेच पार्टिशन मी उडवलं. रात्री दोनपर्यंत पेनड्राइव्हवरून रिपेअर करत बसलो. एक केबल काढायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

आता तुमच्या डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो जुन्या मशीनवर आत्ताच चालवा. वर निळं दिसलं तर बरं, पिवळं म्हणजे सावध, लाल म्हणजे पळा. पण रंगावरच जाऊ नका, खाली तीन ओळी बघा: रीअलोकेटेड सेक्टर, करंट पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल. तिन्ही शून्य असतील तर उत्तम. पेंडिंगमध्ये आकडा असला तर त्या जागा डिस्कला वाचताच येत नाहीयेत, म्हणजे त्या दिवशीच कॉपी काढायची. आकडे मूळ हेक्झमध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या मोजणीत, असतात, ००००००१० दिसलं तर ते दहा नाही, सोळा आहे. पॉवर ऑन अवर्स पण दिसतील, रोज आठ तास धरले तरी दहा वर्षांत एकोणतीस हजार तास होतात, तर मोठा आकडा पाहून दचकू नका. अल्ट्रा डीएमए सीआरसी नावाची ओळ वाढत असेल तर दोष बहुतेक केबलचा असतो, डिस्कचा नाही, पन्नास-शंभरच्या केबलसाठी चांगली डिस्क फेकणारे मी पाहिलेत.

तापमानही तिथंच दिसतं. डेस्कटॉपच्या बहुतेक डिस्क ६० अंशांपर्यंत चालतील असं कंपन्या लिहितात, पण आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ आणि आत कॅबिनेट भिंतीला चिकटलेलं, पन्नासच्या वर गेली की मला तरी झोप येत नाही. मोठी कॉपी सकाळी लावा. आणि कूलरची हवा थेट सीपीयूवर सोडू नका हो, ती गार असते पण ओली असते.

कॉपी करताना युजर्सच्या फोल्डरमधलं तुमच्या नावाचं अख्खं फोल्डर उचला, डेस्कटॉप पण त्यातच येतो, आणि आपल्या लोकांचा अर्धा संसार डेस्कटॉपवरच पसरलेला असतो. परवानगी नाही असं म्हणालं तर कंटिन्यू दाबा. मग जुनी डिस्क फॉरमॅट करू नका. महिना-दोन महिने तशीच राहू द्या, कारण काय राहून गेलं ते पंधरा दिवसांनी आठवतं, पोराचा दाखला स्कॅन केलेला कुठं गेला वगैरे. नंतर ती बॅकअप म्हणून वापरा. माझं एवढंच म्हणणं, बारा वर्षांची डिस्क दुसरी कॉपी म्हणून एकदम चांगली, एकुलती एक कॉपी म्हणून अजिबात नाही. फोटो एसएसडीवर पण पाहिजेत आणि तिच्यावर पण.

प्रश्न: माझं महालात लग्नपत्रिका-व्हिजिटिंग कार्डचं डीटीपीचं काम. २००४ च्या आसपासचा जुना पीसी बंद पडला, त्यातल्या डिस्कला रुंद पट्ट्यासारखी केबल आहे. नव्या कॉम्प्युटरला तसं सॉकेटच नाही. कोरलड्रॉच्या जुन्या फायली पाहिजेत, जुने गिऱ्हाईक "मोठ्या पोराच्या वेळेसारखीच करा" म्हणून येऊन राहिले.

ती आयडीई डिस्क, साटाच्या आधीची पद्धत, चाळीस पिनांची. तिच्यासाठी यूएसबी ते आयडीई अडॅप्टर मिळतो, पण घेताना सोबत वेगळा पॉवर अडॅप्टर आहे ना ते बघा, ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून येत नाहीत. मागं पिनांवर बारकी प्लास्टिकची टोपी असते, जंपर, ती मास्टरवर ठेवा, कुठं ठेवायची याचं चित्र डिस्कवरच्या स्टिकरवर असतं. डिस्क लावल्यावर टक्-टक्-टक् असा ठराविक आवाज आला तर लगेच बंद करा, परत परत चालू करून पाहू नका, आणि कुणी फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितलं तर त्याला नमस्कार करा. ओल धरते आणि उरलेलंही जाते.

पण तुमच्या धंद्यात खरी गंमत पुढं आहे. फायली मिळाल्या, उघडल्या, आणि "चि. सौ. कां." च्या जागी नुसते कंस, टक्के आणि डॉलर दिसले, तर फाइल खराब नाही. त्या काळी तुम्ही श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव असल्या फॉन्टमध्ये टाइप केलं, ते युनिकोड (आजच्या मोबाइल-कॉम्प्युटरवर सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नाहीत, फॉन्ट नसला की मराठी दिसणारच नाही. म्हणून त्याच डिस्कवरच्या विंडोज फोल्डरमधलं फॉन्ट्स नावाचं फोल्डर पण आधी उचला. ते राहिलं तर एकेक फॉन्ट शोधत बसाल. टॅलीचा हिशोब असेल तर तोही, टॅलीच्या आत डेटा नावाचं फोल्डर असतं, त्यात आकड्यांच्या नावाची फोल्डर, सगळं जसंच्या तसं घ्या, ७.२ चा डेटा नव्या टॅलीत थेट उघडत नाही, आधी मायग्रेट करावा लागतो.

सगळं काढून झालं की या डिस्कला निरोप द्या. वीस वर्षांची ४० जीबी, आज चांगल्या पेनड्राइव्हमध्ये पण जास्त मावते.

प्रश्न: क्लासमधले पाच जुने कॉम्प्युटर भंगारवाल्याला द्यायचे आहेत. डिस्क फॉरमॅट केल्या की झालं ना? (एक वाचक, प्रतापनगर)

क्विक फॉरमॅट केलं तर नाही झालं. त्यानं फक्त अनुक्रमणिका फाटते, पानं तशीच राहतात, फुकटच्या रिकव्हरी प्रोग्रामनं पोरांचे फॉर्म आणि आधार कार्डाच्या कॉप्या परत निघतात. फॉरमॅटच्या खिडकीत क्विकची खूण काढून टाका, मग विस्टापासून पुढचं विंडोज सगळीकडे शून्य लिहितं. वेळ लागतो, १ टीबीला तीन-चार तास धरा, रात्री लावून झोपा. ही पद्धत फिरत्या डिस्कसाठी; एसएसडी असेल तर तिच्या कंपनीच्या टूलमधलं सिक्युअर इरेज वापरा. आणि भंगारवाल्यापेक्षा परवाना असलेल्या ई-कचरा रीसायकलरला द्या, २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

जी डिस्क सुरूच होत नाही ती खोला. चांदणीच्या आकाराचे स्क्रू असतात, एक स्टिकरखाली लपलेला असतो. आतल्या चकत्या डेस्कटॉपच्या असतील तर बहुतेक धातूच्या, वाकवून टाका. लॅपटॉपच्या बरेचदा काचेच्या असतात, फडक्यात गुंडाळून आणि डोळ्यांना चष्मा लावूनच हातोडी मारा, बारीक तुकडे उडतात. आतली दोन चुंबकं तेवढी काढून घ्या, बोट जपून, चिमटा जोरात बसतो. आमच्याकडे दुधाच्या हिशोबाचा कागद फ्रिजवर तसल्याच एका चुंबकाखाली आहे, चार वर्षं झाली, अजून घसरला नाही.