ब्रिज घेण्याआधी पट्टी घ्या
वाचकांचे प्रश्न : वाद्यदुरुस्ती

चार महिन्यांचा पाऊस सरला, मांडवातले कार्यक्रम सुरू व्हायची वेळ आली, की पेटीतून गिटार बाहेर निघते आणि ब्रिजवरचा, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात त्या धातूच्या भागावरचा, गंज दिसतो. या वेळची पत्रं बहुतेक त्याबद्दलचीच आहेत.

स्ट्रॅट पद्धतीच्या स्वस्त गिटारच्या सॅडलचे (ब्रिजवर प्रत्येक तारेखाली असणाऱ्या ठोकळ्यांचे) स्क्रू गंजून एकजीव झालेत. ‘स्ट्रॅटला बसणारा’ म्हणून ब्रिज ऑनलाइन मागवला, तर सहा भोकांपैकी मधली दोनच जुळतात. ब्रिजची भोकं कानशीने वाढवून घेऊ, की लाकडात नवीन पाडू?
— एक वाचक, म्हापसा

दोन्ही नको. ब्रिज परत करा.

‘स्ट्रॅटला बसणारा’ या शब्दांना फारसा अर्थ नाही. १९५४ साली फेंडर कंपनीने स्ट्रॅटोकास्टर, म्हणजेच स्ट्रॅट, ही इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली, तेव्हाच्या मापात पहिल्या स्क्रूच्या मध्यापासून सहाव्या स्क्रूच्या मध्यापर्यंत साधारण ५६ मिलिमीटर अंतर असतं, म्हणजे शेजारच्या दोन स्क्रूंमध्ये ११.२. आशियात बनणाऱ्या बऱ्याच स्वस्त गिटारींत हेच अंतर १०.५, म्हणजे एकूण ५२.५. फरक मधल्या जोडीला दोन्हीकडे जेमतेम ०.३५ मिमी पडतो, म्हणून तुम्हाला ती भोकं जुळल्यासारखी वाटली. कडेच्या भोकांपर्यंत पोचेस्तोवर तो पावणेदोन मिमी होतो. नवीन भोक पाडायला घेतलंत तर ड्रिलचा बिट जुन्या भोकात घसरणार आणि शेवटी लांबट खड्डा तयार होणार. ब्रिजची भोकं कानशीने मोठी केलीत तर त्याहून वाईट. ट्रेमोलो (ब्रिज झुलवून सूर हलवायचा दांडा) दाबला की ब्रिजचा पत्रा त्या भोकांच्या कडेवरच झुलतो. ती कड गेली की तारा सुरात परत येत नाहीत, आणि मग दोष विनाकारण सूर लावायच्या खुंट्यांना दिला जातो.

दुकानदाराला मेसेज करण्याआधी जुन्या ब्रिजची पुढची मापं घ्या. व्हर्नियर असेल तर उत्तम, नसेल तर स्टीलची पट्टी चालेल. शिंप्याची टेप नको.

एक, कडेच्या दोन स्क्रूंच्या मध्यांतलं अंतर. इथे एक खोच आहे. दोन खांबांवर टेकणाऱ्या आधुनिक अमेरिकन ब्रिजमध्येही खांबांचं अंतर ५६च्या आसपासच असतं. ५६ हा आकडा वाचून दोन खांबांचा ब्रिज मागवणारे कमी नाहीत. दोन, पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर सॅडलपाशी. तीन, ब्रिजखाली बॉडीत लोंबणाऱ्या धातूच्या ब्लॉकची उंची. प्रमाण स्ट्रॅटची बॉडी ४४-४५ मिमी जाड असते, स्वस्त गिटारींची बरेचदा ४० किंवा त्याहून कमी. जुन्या मापाचा ४०-४२ मिमीचा ब्लॉक त्यात घातलात तर तो मागच्या झाकणाबाहेर डोकावतो. अशा बॉडीला ३६च्या आसपासचा ब्लॉक लागतो. चार, दांड्याचे आटे. अमेरिकन मापाचा दांडा इंची आट्यांचा, बाकीचे बहुधा ५ किंवा ६ मिमीचे. ब्रिजबरोबर दांडा येत नसेल तर जुना बसेल असं गृहीत धरू नका.

योग्य मापाचा ब्रिज हातात आला की काम एका दुपारचं आहे. सगळ्या तारा थोड्या थोड्या सैल करत उतरवा. मागचं झाकण काढून पक्कडीने स्प्रिंगा सोडवा. चेहरा बाजूला ठेवा, स्प्रिंग सुटते ती जोरात. स्प्रिंगा अडकतात त्या पट्टीला, म्हणजे क्लॉला, सोल्डर केलेली वायर आहे तशीच राहू दे. मग पुढचे सहा स्क्रू. गंजलेल्या स्क्रूवर लहान स्क्रूड्रायव्हर फिरवलात की डोकं गुळगुळीत झालंच म्हणून समजा. दोन नंबरचा फिलिप्स (चौफुली टोकाचा) स्क्रूड्रायव्हर घ्या आणि वरून अंगाचा भार देऊन हळू फिरवा. हलत नसेल तर सोल्डरिंगचं तापलेलं टोक मिनिटभर स्क्रूच्या डोक्यावर टेकवून ठेवा. धातू फुगतो, आजूबाजूचं लॅकर सुटतं. आधी पाव वळसा घट्ट, मग सैल, असं करत काढा.

लाकडातलं एखादं भोक सैल झालं असेल तर त्यात बांबूच्या टूथपिक लाकडाच्या गोंदात बुडवून ठासा आणि रात्रभर राहू द्या. भोक फारच खाल्लं गेलं असेल तर ६ मिमीचं करून लाकडी खुंटी बसवा. सुतार इथे पटकन सागाचा तुकडा काढून देतो. सागात अंगचं तेल असतं, त्यावर गोंद नीट धरत नाही. फणसाची खुंटी मिळाली तर ती घ्या; मृदंगाच्या खोडाला चालणारं लाकूड इथे नक्कीच चालतं. सागच वापरायचा तर आधी थिनरने पुसून, वाळवून मग गोंद लावा. नवीन भोक साडेतीन मिमीच्या स्क्रूला २.८ मिमीचं. किती खोल जायचं त्याची खूण म्हणून बिटला टेप गुंडाळा. स्क्रूच्या आट्यांवर मेणबत्ती घासलीत तर तो लाकडात करकरणार नाही, तुटणारही नाही.

सहा स्क्रू गच्च आवळणं ही सर्रास दिसणारी चूक. स्क्रू पत्र्याला टेकून त्याची मागची कड उचलायला लागली की थांबा आणि ती परत खाली बसेपर्यंत उलट फिरवा. मग मधले चार आणखी अर्धा वळसा सैल करा. झुलायचं काम कडेचे दोन करतात.

आता तीन स्प्रिंगा लावा, तारा चढवा आणि सुरात आणा. ००९च्या (सगळ्यात बारीक तार ०.००९ इंचाची) संचाची एकूण ओढ साधारण ३८ किलो असते. ती बसली की ब्रिज पुढे झुकेल. क्लॉचे दोन स्क्रू थोडे आवळा, पुन्हा सुरात आणा, पुन्हा आवळा. ब्रिजची मागची कड लाकडापासून साधारण ३ मिमी वर स्थिरावली की झालं. एक तार चढवली की बाकीच्या पाच उतरतात, म्हणून याला चार-पाच फेऱ्या लागतातच. ब्रिज बिघडलाय असं समजू नका.

तारांची उंची सतराव्या फ्रेटवर (पडद्यावर) १.६ मिमीपासून सुरू करा. मोजायला दुचाकीच्या गॅरेजातला फीलर गेज उत्तम. एक मिमीची आणि ०.६ची पाती एकत्र धरून तारेखाली सरकवा. सॅडलचे स्क्रू पूर्ण खाली नेऊनही तारा उंचच राहिल्या तर नेक (गिटारची मान) काढून खोबणीत पिकअपकडच्या (तारांचा कंप टिपणाऱ्या चुंबकांकडच्या) टोकाला पाव ते अर्धा मिमीची पट्टी ठेवावी लागेल. नेक किंचित मागे कलतो आणि सॅडलना पुन्हा जागा मिळते.

ब्रिज बदलल्यापासून अँपमध्ये गुरगुर येते. तारांना हात लावला की वाढते किंवा तशीच राहते, कमी होत नाही. पिकअप गेले का?
— एक वाचक, फोंडा

पिकअपला काही झालेलं नाही. ब्रिजची अर्थ वायर तुटली आहे किंवा नीट टेकलेली नाही. ट्रेमोलोवाल्या गिटारमध्ये ही वायर मागे क्लॉला सोल्डर केलेली असते. साध्या घट्ट ब्रिजमध्ये आणि टेलिकास्टरमध्ये ती पत्र्याखाली नुसती दाबलेली असते. जुना पत्रा उचलताना ती मागे सरकते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

मल्टिमीटर बीपवर ठेवा. एक टोक तारेला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या कड्याला लावा. बीप आला नाही तर पत्रा सोडवा, वायरचं दोन सेंटिमीटर आवरण सोलून तांब्याचे धागे पंख्यासारखे पसरा आणि त्यांच्यावर पत्रा आवळा. काळ्या रंगाचे ब्रिज खालूनही रंगवलेले असतात. तिथला रंग पॉलिश पेपरने नाण्याएवढ्या जागेत खरवडून चकचकीत धातू उघडा करा.

पत्रात तुम्ही जत्रेच्या मांडवात वाजवत असल्याचं लिहिलंय, म्हणून आणखी एक. अर्थ वायर जोडली की तारा थेट अँपच्या अर्थिंगला जोडल्या जातात. मांडवातल्या बोर्डाला अर्थिंग नसेल किंवा अँपच्या प्लगची तिसरी पिन कोणी मोडून ठेवली असेल, तर माइकला ओठ लागताच झटका बसू शकतो. त्यावर उपाय म्हणून गिटारची वायर तोडू नका. जनरेटरवाल्याकडून तीन पिनांचा, अर्थिंग असलेला पॉइंट आणि ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) मागा.

लेस पॉल पद्धतीची गिटार. ब्रिजचे दोन खांब नेककडे झुकलेत. नवीन ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज घेतला, पण खांबांची जाडी वेगळी. शिवाय लाकडातल्या जुन्या नळ्या निघत नाहीत.
— एक वाचक, मडगाव

ट्यून-ओ-मॅटिक दोन जातींचे. जुन्या एबीआर-१ला सळईसारखे बारीक खांब, तेही थेट लाकडात. नंतर आलेल्या नॅशव्हिलला जाड खांब, लाकडात ठोकलेल्या धातूच्या नळीत फिरणारे. दोन्हीकडे खांबांतलं अंतर साधारण ७४ मिमीच, त्यामुळे जाहिरातीतल्या फोटोवरून फरक कळत नाही. खांबाचा व्यास मोजा. मागच्या टेलपीसच्या (तारांची टोकं अडकतात त्या आडव्या तुकड्याच्या) बोल्टमध्येही असाच फसवा प्रकार आहे. अमेरिकन ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी. तो ८ मिमीच्या नळीत पहिले दोन आटे जातो आणि मग अडतो. तिथे जोर लावू नका.

नळी उपटायला पक्कड लागत नाही. नळीत तळाशी एक आखूड स्क्रू किंवा खिळ्याचा तुकडा टाका आणि वरून तिचाच खांब फिरवत आत न्या. खांब तुकड्यावर टेकला की पुढच्या प्रत्येक वळशाला नळी लाकडातून वर सरकते. त्याआधी नळीभोवतीचं लॅकर धारदार पात्याने हलकं कापून घ्या, नाहीतर रंगाची खपली निघते. यातल्या एका नळीच्या भोकात अर्थ वायर असू शकते, तीही सांभाळा.

खांब झुकतात ते तारांच्या ओढीने मऊ लाकूड दबल्यामुळे. जुन्याच भोकात नवीन नळी ठोकलीत तर तीही झुकेल. भोकाच्या नेककडच्या भिंतीला पातळ लाकडी पट्टी गोंदाने चिकटवा, वाळू द्या, मग नळी घट्ट बसवा. भोक फारच पसरलं असेल तर पूर्ण बुजवून नवीन पाडावं लागेल आणि ते हातातल्या ड्रिलने नको. उभं ड्रिल असलेल्या सुताराकडे जा.

नवीन ब्रिजच्या सॅडलवर बरेचदा खाचा नसतात. तारा ठेवून अंतरं जुळवा, मग बारीक कानशीने तारेची अर्धी जाडी बसेल एवढीच खाच करा, टेलपीसकडे उतरती. जास्त खोल केलीत तर तार सतारीसारखी झणझणते. सतारीवर ते हवंच असतं, इथे नको.

बाराव्या फ्रेटवर सूर जुळत नाही. सॅडल कुठल्या बाजूला सरकवायचं?
— एक वाचक, डिचोली

बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर पहा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर नेककडे. नव्या तारांवरच करा. सॅडल सरकवताना तार सैल करा, नाहीतर स्क्रूचे आटे जातात.

साध्या गिटारला फ्लॉइड रोज (तारा कुलपासारख्या आवळून धरणारा ट्रेमोलो ब्रिज) बसवता येईल का?
— एक वाचक, वास्को

येईल, पण बॉडी कोरावी लागते, खांब नव्याने रोवावे लागतात आणि कुलपी नटसाठी (नेकच्या टोकाशी तारा धरून ठेवणाऱ्या तुकड्यासाठी) नेकचं टोकही कापावं लागतं. तेवढ्या खर्चात तो आधीच बसवलेली वापरलेली गिटार मिळते. तीच घ्या.

घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. दर दोन वर्षांनी ब्रिज बदलावा लागतो. उपाय?
— एक वाचक, काणकोण

पूर्ण ब्रिज बदलायची गरज क्वचितच असते. खाऱ्या वाऱ्याने आधी जातात ते उंचीचे छोटे स्क्रू. स्टेनलेस स्टीलचे सॅडल आणि स्क्रू यांचा संच वेगळा मिळतो. तारांमधलं अंतर मोजून तो घ्या. ते स्क्रू फिरवायची षटकोनी अॅलन की योग्य हवी. अमेरिकन सॅडलना ०.०५० इंचाची, म्हणजे १.२७ मिमीची, बाकीच्यांना बहुधा १.५ची. १.५च्या खाचेत १.२७ची की फिरते, पण कोपरे खाऊन टाकते. मग स्क्रू गंजला नसला तरी निघत नाही.

वाजवून झालं की कोरड्या सुती कापडाने ब्रिज पुसा, घामातही मीठच असतं. महिन्यातून एकदा टाचणीच्या टोकाने शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब प्रत्येक स्क्रूच्या आट्याला द्या, लाकडाला आणि तारांना नको. जून ते सप्टेंबर गिटार भिंतीवर टांगू नका. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि त्या दर पंधरवड्याला बदला. पेटी खाटेखाली फरशीवर ठेवली तर अस्तराला बुरशी येते, ती कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाऊ दे.