शरण जाणे म्हणजे हातपाय गाळणे नव्हे

ख्रिस्ती मंडळीत नव्याने आलेल्यांना ‘सर्व प्रभूवर सोपवा’ हे पहिल्याच आठवड्यात ऐकू येते. ते करायचे कसे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. तुम्ही बायबलमधील, प्रेषित पौलाने लिहिलेल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा 12 वा अध्याय सावकाश वाचा. देहातला काटा, म्हणजे सततची व्यथा, निघावा म्हणून पौलाने तीनदा विनवणी केली. काटा राहिला, पण कृपा पुरेशी आहे असे उत्तर मिळाले, आणि त्याच दुर्बलतेत त्याला सामर्थ्य सापडले. म्हणून मागायला संकोचू नका. गेथशेमाने बागेत खुद्द येशूनेही दुःखाचा प्याला टळावा असेच आधी मागितले होते. शरणागती त्यानंतरची.

ती आळसाची सबबही नव्हे. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतात स्वतः जाऊन शेकडो निराधार मुलींना आश्रय दिला. केडगावच्या त्यांच्या आश्रमाच्या कामात प्रार्थनेइतकेच कष्टही होते.

मुलाच्या आजारपणात, प्रार्थनेत सोपवलेली काळजी मी उठताक्षणीच पुन्हा उचलत असे. शेवटी ती तारखेसह वहीत लिहून वही मिटू लागलो. कधीकधी दिवसातून दहादा मिटावी लागे. औषधांच्या वेळांचा कागद मात्र भिंतीवर, डोळ्यांसमोरच असे.