एकटा इलेक्ट्रॉन आणि ईएसआर

प्रश्न : एमएस्सीला आहे. एनएमआर (न्यूक्लियसच्या स्पिनचा सिग्नल) बऱ्यापैकी कळलं पण ईएसआर (इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या स्पिनचा सिग्नल) आलं की गोंधळ उडतो. रेणूत ढीगभर इलेक्ट्रॉन असतात, स्पिन (ज्यामुळे तो छोट्या चुंबकासारखा वागतो) सगळ्यांनाच असतो, मग सिग्नल फक्त अनपेअर्ड, म्हणजे जोडीदार नसलेल्या इलेक्ट्रॉनचाच का येतो? आणि बहुतेक पदार्थांत असा इलेक्ट्रॉन नसतोच, मग या तंत्राचा उपयोग तरी किती?

उत्तर : आधी पहिलं घेऊ. एका ऑर्बिटलमध्ये दोन इलेक्ट्रॉन असले की पाउलीच्या नियमाने त्यांचे स्पिन उलटसुलट असावेच लागतात, दोघांचं चुंबकत्व एकमेकांना खाऊन टाकतं आणि बाहेर काहीच उरत नाही. जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन मात्र खराखुरा चुंबक असतो, तोही दणकट, प्रोटॉनच्या जवळजवळ 658 पट. म्हणून 0.34 टेस्लाच्या चुंबकीय फील्डमध्ये स्पिन उलटवायला प्रोटॉनला साधारण 14.5 मेगाहर्ट्झ पुरतात आणि इलेक्ट्रॉनला 9.5 गिगाहर्ट्झ, म्हणजे थेट मायक्रोवेव्ह लागतात. रशियातल्या कझानमध्ये झावोइस्की या भौतिकशास्त्रज्ञाने 1944 मध्ये हा सिग्नल पकडला, ब्लॉख आणि पर्सेल यांच्या एनएमआरच्याही आधी.

फील्डमध्ये स्पिनच्या दोन दिशांच्या दोन एनर्जी लेव्हल होतात. रूम टेंपरेचरला खालच्या आणि वरच्या लेव्हलमधल्या इलेक्ट्रॉनच्या संख्येतला फरक दहा हजार इलेक्ट्रॉनमागे जेमतेम सात-आठ असतो आणि सगळा सिग्नल त्या फरकातूनच येतो, तरीही मायक्रोमोलरच्या आसपासचं सँपल दिसतं, हे मला अजूनही भारी वाटतं.

आता तुमचा दुसरा मुद्दा. बाकी सगळं गप्प असतं हीच तर ईएसआरची ताकद आहे! दहा-वीस हजार वजनाच्या प्रोटीनचा एनएमआर काढला तर शेकडो प्रोटॉन एकदम बोलतात, पण त्यात तांब्याचा एकच Cu²⁺ असेल तर ईएसआरमध्ये फक्त तोच दिसतो, आणि तांब्याच्या न्यूक्लियसचा स्पिन 3/2 असल्यामुळे सिग्नलच्या चार रेषा होतात. मँगनीज Mn²⁺ च्या सहा. याला हायपरफाइन म्हणतात, शेजारी कोण आहे ते इलेक्ट्रॉन यातून सांगतो.

आणि पदार्थात असा इलेक्ट्रॉन नसेल तर बाहेरून बसवायचा. टेम्पोसारखा नायट्रॉक्साइड रॅडिकल (अनपेअर्ड इलेक्ट्रॉन असलेला रेणू) महिनोन्‌महिने बाटलीत टिकतो, तसलाच गट प्रोटीनमधल्या सिस्टीन या अमिनो आम्लावर चिकटवला की झालं स्पिन लेबल. नायट्रोजनमुळे तीन रेषा येतात. पातळ द्रावणात तिघी जवळपास सारख्या उंचीच्या, टोकदार. द्रावण घट्ट होऊ लागलं, रेणूचं फिरणं मंदावलं की आधी हाय फील्डची, म्हणजे उजवीकडची रेषा रुंद होऊन बसते, आणि पार गोठवलं तर सगळा स्पेक्ट्रम पसरट होतो. म्हणजे प्रोटीनचा तो भाग मोकळा हलतोय की अडकलाय हे नुसत्या रेषांच्या उंचीवरून कळायला लागतं. दोन लेबलं लावून गोठवलेल्या सँपलवर डीअर (DEER) हा मायक्रोवेव्ह पल्सचा प्रयोग केला तर त्यांच्यातलं अंतर साधारण 2 ते 8 नॅनोमीटरपर्यंत मोजता येतं, तेही क्रिस्टल न बनवता.

हायड्रॉक्सिल रॅडिकलसारखे क्षणात संपणारे असतील तर डीएमपीओसारखा ट्रॅप, म्हणजे रॅडिकल पकडणारा रेणू, घालतात, रॅडिकल त्याला चिकटून टिकाऊ बनतो आणि 1:2:2:1 अशा चार रेषा दिसतात. मात्र यात जपून, डीएमपीओ स्वतः ऑक्सिडाइज होऊन किंवा लोखंडाच्या अशुद्धीमुळेही तोच पॅटर्न देऊ शकतो, त्यामुळे कंट्रोल सँपल घेतल्याशिवाय रॅडिकल सापडला असं लिहू नका.

प्रॅक्टिकलला बसाल तेव्हा दोन गोष्टी बघा. पाणी मायक्रोवेव्ह शोषतं म्हणून पाण्यातलं सँपल बारीक कॅपिलरीत किंवा फ्लॅट सेलमध्येच भरा. आणि हवेतल्या ऑक्सिजनला स्वतःचेच दोन अनपेअर्ड इलेक्ट्रॉन आहेत, त्याने रेषा रुंद होतात, तेव्हा बारीक स्प्लिटिंग हवं असेल तर आधी नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडून ऑक्सिजन घालवा.